नान्नजचा माळ आणि माझी उंदीरमारी

गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो की दोन दिवस घरात आणि तिसऱ्या दिवशी मावसभावाच्या गाडीवर कुठंतरी, हे ठरलेलं. या वेळी म्हटलं नान्नज, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. तो म्हणाला, "माळढोक दिसत नसतोय बे आता. बार्शीकडं पार यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ येऊन गेला, पण माळढोक?" म्हणजे शेकडो किलोमीटर चालत वाघ येतो आणि ज्याच्या नावानं १९७९ साली अभयारण्य केलं तोच दिसत नाही, भारीच.

उजाडताना पोचा असं सगळे सांगतात. आम्ही साडेनऊला पोचलो, कारण मावशीनं धपाटे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही आणि मलाही सुटायचं नव्हतं. काळवीट मात्र भरपूर. गाडीचा आवाज झाला, एकानं उडी मारली की मागं सगळा कळप टणाटण उड्या मारत पसार.

मग तासभर नुसतं पिवळं गवत आणि वारा. मी आपलं सहज म्हटलं, इथं झाडं कमीच आहेत की, लावायला पाहिजेत. सोबतचा वनमजूर हसला. "साहेब, झाडांनीच तर घोटाळा केलाय." माळढोकाला म्हणे लांबपर्यंत मोकळं दिसावं लागतं, नर १५ किलोपर्यंत भरतो, आणि मादी अंडं घालणार एकच, तेही उघड्या जमिनीवर. झाडं वाढली की कावळ्याला बसायला फांदी झाली, कोल्ह्याला आडोसा, अंडं गेलंच म्हणून समजा. आणि माळ म्हणजे पडीक जमीन असं धरून वर्षानुवर्षं तिथं उंदीरमारीची झाडं लावत गेले.

मला घाम फुटला. कॉलेजात एनएसएसच्या कॅम्पला असल्याच एका माळावर ग्लिरिसिडियाची, म्हणजे याच उंदीरमारीची रोपं मी स्वतः लावलीयेत, खड्डे खणून हाताला फोड आले ते आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरलो होतो, फोटो अजून आईच्या कपाटात आहे. वनमजुराला काही बोललो नाही. मावसभावाला सांगितलं, तिथं चुकलं.

येताना वाट वाकडी करून हिप्परग्याच्या तलावावर गेलो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस काठाला निवांत चरत होते, पलीकडं एकजण ट्रॅक्टर धूत होता, त्याचं त्यांना काही नाही. चहा कुठं मिळाला नाही. रस्त्याला लागताना वेड्या बाभळीची ही गच्च दाटी, तिथं यानं मुद्दाम गाडी थांबवली आणि बोट दाखवलं, "हीपण तूच लावलीस का बे?"