बांधावर

१३ जानेवारी, भोगी. रात्रीचे साडेदहा.

बोटांना अजून हुरड्याचा धूर येतोय. दोनदा हात धुतले तरी जात नाही.

आज माहेरी जाऊन आले. आई होती तोवर तिच्यासाठी जायचे, पण धाकट्या भावाशी बोलायची नाही. २०२३ ला ती गेली आणि तेही थांबलं. गेल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला, "अक्का, ज्वारी हुरड्यात आलीय, भोगीला या." मी हो म्हणून बसले. का म्हणाले, ते दिवसभर कळलं नाही.

अण्णा जुलै २०१४ मध्ये गेले. वीस दिवसांनी धाकटा मला बार्शीला दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेला. "वारस नोंदीची सही आहे," एवढंच म्हणाला. वारस नोंद तलाठ्याकडेच होते, त्यासाठी तिथे जावं लागत नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? रडून रडून डोळे सुजले होते. यंत्रावर अंगठा टेकवला, फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसले. पदर घसरला होता, तो धाकट्याने स्वतः पुढे येऊन सारखा केला. दोन वर्षांनी सातबारा काढला तर माझं नाव कुठेच नव्हतं. फेरफार बघितला तेव्हा समजलं, मी हक्कसोड पत्रावर, म्हणजे जमिनीतला माझा वाटा सोडल्याच्या कागदावर, सही केली होती.

जमिनीपेक्षा तो पदर मला जास्त छळत आला. फसवायला आणलेल्या बहिणीचा पदर कोणी इतक्या मायेने सारखा करतं?

वकील म्हणाले, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येईल. आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत कोर्ट नको." तीन वर्षं गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल टीव्हीवर लागला, की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, मग २००५ ला कायदा बदलला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत. माझं लग्न १९९१ चं. १९९४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या, २००५ ला ती अट गेली. कायदा एकेक पायरी चढून माझ्या दारात आला होता आणि माझी सही कधीच होऊन गेली होती. त्या दिवशी मी गॅस बंद करून नुसती बसून राहिले.

"सोडून दे, माहेर तुटेल," असं सांगणाऱ्या बायका खूप भेटल्या. त्यांचा मला राग यायचा, अजूनही येतो. बहिणीनेच सोडायचं, बहिणीनेच विसरायचं, आणि भाऊबीजेला ओवाळायचंही तिनेच. तसलं माफ करणं मला कधी जमलं नाही, आणि जमलं नाही याचं आज बरं वाटतंय.

दुपारी बांधावर आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून धाकटा हातावर चोळत होता. फुंकर मारून पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली, अण्णा ठेवायचे तशी. घास तोंडात घालण्याआधीच मी बोलले.

"ती वारसाची सही नव्हती. तुला माहीत होतं."

तो कणीस चोळतच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "डोक्यावर कर्ज होतं, अक्का. विचारलं असतं तर तू दिली असतीस?"

"दिली असती की नसती, मला नाही सांगता येणार. पण विचारायचं होतंस."

त्याचे हात थांबले. दाणे भाजून काळे पडत होते, कोणी काढले नाहीत.

मग माझ्या तोंडून निघालं, "मी तुला माफ केलंय. जमीन नाही माफ केली, तुला केलंय." ठरवून आले नव्हते. सही माझ्याकडून काढून घेतली होती, ही माफी मात्र मी पूर्ण शुद्धीत, वाचून दिल्यासारखी दिली. छातीवरचं काहीतरी उतरलं. रडू आलं नाही, भूक लागली. खरंच भूक लागली.

तो "चुकलो" म्हणाला नाही. मान खाली घालून बसला होता. त्याची मुलगी शेतातून हरभऱ्याचे डहाळे घेऊन येत होती, यंदा एकोणीस पूर्ण झाली. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "हिला मात्र विचार." त्याने मान हलवली. तेवढ्यावर मी थांबले.

हक्कसोड पत्राची नक्कल आत्ता कपाटातून काढून पाहिली. फाडली नाही. फोटोतल्या बाईचा पदर नीट आहे.

निघताना भावजयीने पिशवी भरून दिली, ऊस, बोरं, घाटे, दोन कणसं. आठ-नऊ वर्षं सुगडात घालायला सगळं बाजारातून आणत होते. पिशवी ओट्यावर ठेवलीय, सकाळी सुगडं पुजायची आहेत.