तवा रिकामा नसेल तिथे

मंगळवार, रात्री दहा. फ्लिक आँ फ्लाक.

मॉरिशस निवडलं ते आईसाठी. दापोलीत तिने बावीस वर्षं खानावळ चालवली, रोजची चाळीस-पन्नास ताटं. त्या बावीस वर्षांत ती सलग चार दिवस गाव सोडून राहिली नाही. यंदा मे महिन्यात खानावळ बंद केली, तेव्हाच मी ठरवलं की आता निदान आठ दिवस हिच्यापुढे दुसऱ्याने वाढलेलं ताट आलं पाहिजे.

आज ते आलं नाही. रात्रीचं जेवण हॉटेलच्या पैशांत धरलेलं होतं. मोठं दालन, पांढरे टेबलक्लॉथ, झाकण लावलेली चकचकीत भांडी. आई माळकरी. मासे-मटण सोडाच, अंडंही नाही. मी दोनदा विचारून घेतलं, वाढणाऱ्या मुलाने हसून मान डोलावली, आणि त्याच भाजीत कोलंबी निघाली. आईने ताट हळूच बाजूला सारलं. पाव आणि एक केळं खाल्लं. खोलीत आल्यावर म्हणाली, "केळं गोड होतं हो." माझ्यासाठी म्हणाली ते मला कळलं, आणि मला झोप येईना.

उद्यापासून हॉटेलात जेवायचं नाही. भरलेले पैसे गेले तरी चालतील.

बुधवार.

सकाळी सहाला उठून बाहेर आले. हॉटेलच्या आवारात एक बाई सुरूच्या झाडांखालचा पाला झाडत होत्या. इथल्या किनाऱ्यावर सुरूच सुरू, थेट आपल्या मुरुड-कर्द्यासारखे. मी त्यांना हिंदीत विचारलं, "आप लोग नाश्ता कहाँ करते हैं?" त्यांनी झाडूनेच रस्त्याकडे दाखवलं. बस स्टॉप.

तिथे एक माणूस मोटरसायकल लावून उभा. मागच्या सीटवर काचेची पेटी, पेटीत वाफेने धूसर झालेले वडे. गातो पिमा. गातो म्हणजे केक, पिमा म्हणजे मिरची. आकाराने लिंबाएवढे, पिवळ्या वाटाण्याची डाळ भिजवून भरड वाटलेली, त्यात पातीचा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची. लोक ते लोणी लावलेल्या गरम पावात दाबून खातात आणि बसमध्ये चढतात. उसाच्या तोडणीचे दिवस आहेत, गमबूट घातलेले तीन-चार जण होते, गणवेशातली मुलं होती, एक पोलीस होता.

मी आईला उठवून आणलं. ती आधी पेटीकडे बघते, मग माणसाच्या हाताकडे, मग हात पुसायच्या फडक्याकडे. ही तिची जुनी सवय. फडकं कोरडं आणि स्वच्छ होतं. एक वडा मोडून बघितला, वास घेतला. "डाळ जाडी ठेवलेय. सोडा नाही घातलेला." आणि मग चार खाल्ले. चार! गेल्या दोन महिन्यांत तिला असं भुकेने खाताना मी पाहिलं नव्हतं.

हे म्हणाले, रोज असंच करू. जिथे कामावर जाणारी माणसं खातात तिथे आपण खायचं. आईने त्यात भर घातली: "तवा रिकामा पडत नाही ना, ते बघायचं. गर्दी खोटी असू शकते, तवा नसतो."

गुरुवार. पोर्ट लुई.

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

बसने राजधानीत आलो. मध्यवर्ती बाजाराच्या लोखंडी दरवाज्यातून आत शिरलो आणि आई जी भाजीच्या ओळींत रमली ती अर्धा तास हलेना. शेवग्याचा पाला दिसला, इथे त्याला ब्रेद मुरुम म्हणतात. ब्रेद म्हणजे पालेभाजी, आणि मुरुम हा तमिळ मुरुंगैचा राहिलेला तुकडा. दोडक्याला पिपंगाय. भेंडीला लालो. अळूची पानं जुड्या बांधून ठेवलेली. आईने एक जुडी हातात घेऊन देठ दाबून पाहिला आणि परत ठेवली. "घरी असतो तर फदफदं केलं असतं."

बाजाराबाहेर धोल पुरीच्या गाडीपाशी रांग होती. आमचा नंबर येईपर्यंत आई तव्याकडे एकटक बघत होती. मोठा गोल तवा, त्याला इथेही तवाच म्हणतात. पुरी म्हणतात पण तळत नाहीत, ही पोळी. पातळ, मऊ, हळदीच्या पिवळ्या रंगाची, आत डाळीचं कोरडं पूड-पूड सारण. बाई ती पोळी तेलाच्या पुसट हाताने उलटायच्या, फुगली की काढायच्या, आणि एकावर एक कापडात झाकायच्या. मागायची ती जोडीने, "एन पेर". दोन पोळ्या कागदावर एकमेकींवर सरकवून ठेवतात, वर मोठ्या पांढऱ्या पावट्यांची रस्सा भाजी, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची चटणी, मिरची हवी तेवढी, आणि गुंडाळी करून हातात. मांसाचा कुठे संबंध नाही. आईला काही विचारावं लागलं नाही, आणि मला त्याचंच केवढं सुख झालं.

पहिला घास घेतल्यावर ती थांबली. म्हणाली, "पुरणपोळीच की गं ही. तिखटाची."

मग तिने मला विचारायला लावलं की डाळ कशी करता. बाईंना हिंदी-भोजपुरी येत होती, रांग थोडी ओसरली होती, त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवायची, पण गाळ होऊ द्यायची नाही, बोटात दाबली तर मोडली पाहिजे. पाणी निथळून काढायचं, डाळ कोरडी होऊ द्यायची, मग दळायची, त्यात भाजलेलं जिरं. आणि निथळलेलं ते पाणी? "ते कणकेत", म्हणजे मैदा त्याच पाण्याने मळायचा. आईचे डोळे असे चमकले! आपण पुरणाची डाळ शिजवून कट काढतो आणि त्याची आमटी करतो. इथे कट पिठात जातो, म्हणून पोळी पिवळी आणि मऊ. डाळीचा एक थेंब वाया घालवायचा नाही हा हिशेब दोन्हीकडचा. बावीस वर्षं दर होळीला पन्नास ताटांच्या पोळ्या केलेल्या बाईला हे कधी सुचलं नव्हतं, असं ती स्वतःच म्हणाली आणि पर्समधली छोटी वही काढून लिहून घेतलं.

वर आलुदा प्यायलो. थंड दूध, सब्जाचं बी, अगर-अगरच्या बारीक काड्या, गुलाबी सरबत. नावातच आपला फालुदा बसलेला आहे. आईने गुलाबी नको म्हटलं, तिला बदामी मिळाला.

तिथून चालत आप्रवासी घाटावर गेलो. 1834 ते 1920 या काळात जवळपास साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर इथे आली. घाटाची जागा 1849 मध्ये उभी राहिली, 2006 पासून ती जागतिक वारसा आहे. उरलेलं थोडंच आहे. काही भिंती, आणि बोटीतून उतरल्यावर चढायच्या दगडी पायऱ्या. जास्त माणसं बिहारकडची, पण मुंबई बंदरातून आपली कोकणातली आणि देशावरचीही आली. करारात ठरलेल्या शिध्यात तांदूळ होता, डाळ होती. आई पायऱ्यांपाशी चप्पल काढून उभी राहिली. परत येताना म्हणाली, "शिध्याच्या डाळीतून काय काय उभं केलं या बायकांनी." मला सकाळचा कागद आठवला, त्याला लागलेला पावट्यांचा रस्सा आठवला. कडेला बसून मी थोडी रडले. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही.

शुक्रवार, शनिवार.

पाऊस. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, वारा बराच. चिनी वळणाचं खाणंही इथे घराघरात मुरलेलं आहे. ह्यांनी बोल राँव्हेर्से खाल्लं: वाडग्यात तळाला तळलेलं अंडं, मग भाजी-चिकन, मग भात दाबून भरायचा आणि सगळं ताटात उलटं करायचं, की अंडं डोक्यावर येतं. आईसाठी मीन फ्रित, म्हणजे परतलेल्या नूडल्स, मागवताना मी "सां लाव्यान, सां पुआसों" घोकून गेले होते. मांस नको, मासे नकोत. तरी सॉस माशाचा असू शकतो हे दुकानातल्या मुलीने स्वतःहून सांगितलं आणि नुसत्या मिठावर परतून दिलं. तिचे आभार मानायला मला शब्द पुरले नाहीत.

रविवार.

इथला रविवार समुद्रावर असतो. सकाळी नऊपासून बसच्या बस भरून कुटुंबं येतात, सुरूंच्या सावलीत चटया पडतात, आणि त्यावर डेग. बिर्याणीचे डेग, भाताची पातेली, आचारचे डबे. दुपारी कुणीतरी राव्हान नावाचा डफ शेकोटीवर तापवून घेतला आणि सेगा, म्हणजे इथलं नाचगाणं, सुरू झाला. आज्या नाचत होत्या, नातवंडं नाचत होती.

किनाऱ्यावरच्या गाडीवरून अननस घेतला. लहान, जर्द पिवळा, डोळे काढताना नागमोडी खाचा पाडलेला, देठ हाताशी धरून खायचा. वर चिंचेचं पाणी, मीठ, मिरची. एवढा गोड अननस मी कधी खाल्ला नाही, आणि चिंचेने तो अजून गोड लागतो.

शेजारच्या चटईवरच्या आजोबांनी ह्यांना ऊरितचा वँदाय दिला. ऊरित म्हणजे ऑक्टोपस. मोहरीची पूड, हळद, सिरका, अख्ख्या लसूण पाकळ्या, आणि थंडच खायचा, पावाबरोबर. वँदाय म्हणजे गोव्याच्या विंदालूचं भावंड, दोघांचं मूळ पोर्तुगीज, पण इथे मोहरी पुढे आली आहे. आईला वाटलं आपल्याला काही मिळणार नाही, तेवढ्यात आजींनी कोबी-गाजर-फरसबीचं आचार आणि कोवळ्या फणसाची भाजी तिच्या ताटात घातली. विचारलं नाही, घातलं. गळ्यातली माळ बघून त्यांना कळलं असावं.

कोवळ्या फणसाची भाजी! दापोलीपासून हजारो किलोमीटरवर, वाटलेल्या मसाल्यात. फणसाचे तुकडे मोठे ठेवलेले, रेषा सुटल्या नव्हत्या. आई म्हणाली चीक नीट काढलाय. दोघी एकमेकींचं बोलणं कळत नसताना अर्धा तास बोलत होत्या, एकीची क्रिओल, म्हणजे इथली बोली, आणि एकीची मराठी, मध्ये फणस.

सोमवार. माहेबूर.

टॅक्सीने दक्षिण-पूर्वेला. सोमवारचा बाजार खाडीच्या काठावर भरतो. आधी रोल्तच्या बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात गेलो. 1870 पासून तिथे मान्योकची, म्हणजे आपण उपासाचा साबुदाणा ज्याच्यापासून करतो त्या कंदाची, बिस्किटं होतात. कंद किसून, पिळून, वाळवून पीठ. ते पीठ बायका तव्यावरच्या चौकोनी साच्यांत चमच्याने भरतात, सपाट करतात, उलटतात. तव्याखाली उसाचं पाचट जळतं. खोलीभर तो गोडसर धूर. आम्हाला गरम बिस्किटं आणि व्हॅनिलाचा चहा मिळाला. आईने विचारलं, उपासाला चालतील का? मैदा नाही, अंडं नाही, हे कळल्यावर नारळाची चार पाकिटं घेतली, एकादशीसाठी.

बाजारात फराता, म्हणजे पराठे, भाजणारी एक बाई होती. आमचं बोलणं ऐकून तवा सोडून वळली आणि सावकाश, शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणाली, "नमस्कार. माझे आजोबा मराठी बोलत होते." मग हिंदीत सांगितलं की ती शाळेत मराठी शिकली, घरी आता क्रिओल, पण गणपतीत आरत्या मराठीच. गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. पुढच्या आठवड्यात गणपती, मोदकांच्या तयारीत आहे म्हणाली. आईने विचारलं, उकडीचे? तिला शब्द कळला नाही. आईने हवेत बोटांनी कळ्या पाडून दाखवल्या, चिमटीने टोक बंद केलं. बाई हसली आणि तिने तसंच करून दाखवलं, पण तिची बोटं मोठी घडी घालत होती, करंजीसारखी. ती तळते.

तेवढ्यात तव्यावरचा फराता करपायला आला. आई पुढे झाली, उलथनं उचललं आणि उलटला. ती बाई नको नको म्हणत असताना पुढचे तीनही आईनेच भाजले. गिऱ्हाईकं रांगेत उभी, आई तव्यापाशी, पदर कमरेला. मी फोटो काढायला फोन वर केला आणि मग खाली ठेवला, मला नुसतं बघायचं होतं.

पैसे घेईना. आईने पन्नासची नोट पुढे केली, तिच्यावर देवनागरीत लिहिलेली रक्कम बोट ठेवून वाचून दाखवली, आणि पेटीत टाकली. निघताना त्या बाईने तिला वाकून नमस्कार केला.

रात्री.

सामान बांधून झालं. बिस्किटं, एक किलो पिवळ्या वाटाण्याची डाळ (मुंबईत मिळते, सांगून पाहिलं, ऐकत नाही), व्हॅनिलाचा चहा. वहीत धोल पुरीच्या खाली तिने लिहिलंय: "कट पिठात. होळीला करून बघणे."

विमान दुपारचं आहे. आई म्हणते गजर साडेपाचचा लाव, साडेसहाच्या आत स्टॉपवर पोचायला हवं, साडेआठला त्याची पेटी रिकामी होते.