आज संपवलं एकदाचं!

दुपारी डोरोथी सेयर्सचं 'बसमन्स हनीमून' संपवलं आणि तेव्हापासून नुसती बसूनच आहे. १९३७ ची इंग्रजी रहस्यकादंबरी. हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी आणि रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट लग्न करून हर्टफर्डशरमधल्या जुन्या घरात हनीमूनला येतात, तर घराला कुलूप, चिमणी तुंबलेली, आणि दुसऱ्या दिवशी तळघरात घर विकणाऱ्या माणसाचंच प्रेत!! खून कसा झाला हे भारी आहेच, ते सांगत नाही, पण मला जास्त आवडलं ते ह्या दोघांचं हळूहळू नवराबायको होणं, म्हणजे तपासात एकमेकांवर किती हक्क गाजवायचा, हॅरिएटला नको वाटलं तर पीटरने केस सोडायची का, हे सगळं इतकं खरं वाटतं ना. आणि पीटरचा नोकर बंटर! इतका शांत माणूस, पण जपून आणलेल्या पोर्ट वाइनच्या बाटल्या कामवालीने धुतल्या म्हणून कसला भडकतो.

शेवट मात्र जड गेला. खुनी सापडला की बाकीच्या कादंबऱ्या संपतात, इथे फाशीच्या पहाटे पीटर हॅरिएटच्या कुशीत रडतो. पहिल्या महायुद्धातून आलेला माणूस, आपल्या हुशारीने कुणाचा तरी जीव जाणार हे त्याला सहनच होत नाही.

मी पण रडले. चहा गार झाला.