मोठा ॲम्प, हळू आवाज: रिलेचं काम झालं

या जुन्या ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) डावा चॅनल आता पक्का झाला. रात्री कमी आवाजात ऐकताना डावीकडचा आवाज हळूहळू बसायचा, मध्येच खरखर यायची, आणि व्हॉल्यूम जरा वर नेला की तो एकदम ठणठणीत परत यायचा. असं काही झालं की बहुतेकांचा पहिला संशय आउटपुट ट्रान्झिस्टरवर जातो आणि चांगलेचुंगले ॲम्प विनाकारण मोकळे केले जातात. पण ट्रान्झिस्टर दमलेला असता तर जोर दिल्यावर त्रास वाढला असता. इथे जोर दिला की त्रास जात होता. म्हणजे कुठला तरी कॉन्टॅक्ट (धातूला धातू टेकून करंट पुढे जातो ती जागा) काळा पडलेला असणार.

ॲम्प सत्तरच्या दशकातला आहे, चॅनलला १५० वॅटचा. मॉडेल सांगत नाही, कारण त्या काळच्या कुठल्याही मोठ्या ॲम्पला हे होऊ शकतं.

चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ करून स्पीकर जोडणारा जो प्रोटेक्शन रिले असतो, तिथून तपासायला सुरुवात केली. स्पीकर काढून दोन्ही बाजूंना ८ ओहमचे जाड रेझिस्टर लावले आणि १०० हर्ट्झचा टोन दिला. (साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी नीट मोजेलच असं नाही, म्हणून १००.) रिलेच्या आधी दोन्ही चॅनलवर ०.५ व्होल्ट. रिलेच्या पुढे उजवीकडे ०.५, डावीकडे ०.३१, आणि तोही आकडा सारखा हलत होता. हिशेब केला तर एकट्या कॉन्टॅक्टमध्येच जवळपास ५ ओहम येतात. स्पीकर ८ ओहमचा आणि वाटेत ५ ओहम! मग बास ढिला वाटला तर नवल नाही, ॲम्पची स्पीकरवरची पकडच गेलेली असते. लोड, म्हणजे ते रेझिस्टर, न लावता हेच मोजलं असतं तर काहीच सापडलं नसतं. करंटच नाही, तर व्होल्टेज पडणार कुठून?

कॉन्टॅक्टमध्ये जाड कागदाची पट्टी क्लीनरने ओली करून फिरवली की तात्पुरतं भागतं. पॉलिश पेपर मात्र लावू नका, वरचा चांगल्या धातूचा थर निघून जातो आणि पुढच्या वेळी लवकर काळं पडतं. मी रिलेच बदलला. नवा घेताना पिनांची मांडणी आणि कॉन्टॅक्टचं डीसी रेटिंग तर बघाच, पण कॉइलचा (रिलेला ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) व्होल्टेज आणि रेझिस्टन्सही जुन्याशी जुळवा. प्रोटेक्शन सर्किटमधला ट्रान्झिस्टर आणि सिरीज रेझिस्टर त्या कॉइलच्या हिशेबानेच बसवलेले असतात. आता दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, आणि अगदी कुजबुजत्या आवाजातही गायकाचा श्वास बरोबर मध्यभागी येतो.

एरवी एक वॅटसुद्धा लागत नसताना १५० वॅट कशाला, असं लोक विचारतात. लागतात, आणि माझं यावर ठाम मत आहे. ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा (एका वॅटवर एक मीटरवर किती आवाज देतो तो आकडा) स्पीकर एका वॅटवर छान वाजतो. पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची किंवा पियानोची थाप सरासरीच्या २० डीबी वर जाऊ शकते, आणि २० डीबी म्हणजे शंभरपट ताकद. सरासरी एक वॅट असेल तर त्या क्षणापुरते १०० वॅट हवेत. लहान ॲम्प तिथे शेंडा कापतो. थाप ऐकू येते, पण तिची धार गेलेली असते.

या जुन्या यंत्रांचे हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखे) एवढे अवाढव्य का, यालाही कारण आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅट सांगण्याचा नियम केला. दोन्ही चॅनल एकदम चालवून, सलग मिळणारी ताकद डिस्टॉर्शनच्या (आवाजातल्या बिघाडाच्या) आकड्यासकट सांगायची, आणि मोजण्याआधी ॲम्प एक तास एकतृतीयांश ताकदीवर तापवायचा. क्लास एबी, म्हणजे या ॲम्पच्या नेहमीच्या रचनेत, ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते साधारण याच टप्प्यात. त्यामुळे कागदावरचे वॅट चालेनात, ॲल्युमिनियम खरोखर घालावं लागलं. पुढे पायोनियर एसएक्स-१२५० ने १६० वॅट दिले आणि १९७८ च्या एसएक्स-१९८० ने २७०. आपल्या हातात आज जे येतं, ते त्याच चढाओढीतून आलेलं.

बाकीचं काम थोडक्यात. रिले बसवल्यावर ॲम्प आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत फिलामेंटचा बल्ब घालून चालू केला. बल्ब भपकन पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) मात्र बल्ब काढल्यावरच लावायचा, नाहीतर सप्लाय खाली बसलेला असतो आणि आकडा फसवा येतो. अर्धा तास गरम होऊ दिला, मग आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर मोजून सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बायस जुळवला. डावीकडचा डीसी ऑफसेट (सिग्नल नसतानाही स्पीकरकडे जाणारा नको असलेला डीसी व्होल्टेज) ४१ मिलिव्होल्ट होता, तो ६ वर आणला.

पॉवर सप्लायमधले मोठे फिल्टर कॅपॅसिटर बदलले नाहीत. कॅपॅसिटन्स आणि ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) दोन्ही चांगले आले, फुगवटा नाही, हम (घुमणारा आवाज) नाही. जुने आहेत एवढ्याच कारणावरून ते काढून टाकणं मला पटत नाही. हात घालण्याआधी मात्र ते रिकामे कराच, आणि तेही रेझिस्टरने. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून नको. २२,००० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर ६० व्होल्टला सुमारे ४० जूल धरून ठेवतो.

आता राहिला टेप मॉनिटरचा, म्हणजे टेप रेकॉर्डरचा आवाज ॲम्पमधून ऐकण्यासाठीचा स्विच. तोही वर्षानुवर्षं एकाच जागी बसून काळा पडतो आणि लक्षण बरंचसं रिलेसारखंच दाखवतो. क्लीनर मारून भरपूर वेळा पुढे-मागे करणार, आणि मगच वरचं झाकण लावणार.