नवी सेप्टिक टाकी खोदण्याआधी जुनीचं झाकण उघडा

संडास तुंबला की ‘टाकी भरली’ म्हणतात. अहो, टाकी भरलेलीच असते! आउटलेट म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाला टेकलेलं पाणी, ही तिची नेहमीची पातळी. झाकण उघडून लांबूनच बघा. आत वाकू नका, उतरायचं तर नावच नको, तिथला वायू जीव घेतो. पाणी आउटलेटच्या वर चढलेलं असेल तर दोष शोषखड्ड्याचा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचा) किंवा तिकडे जाणाऱ्या पाइपाचा. खाली गेलं असेल तर टाकी गळतेय. पातळी बरोबर, तरी संडास तुंबतोय? मग घराकडची लाइन तपासा.

बऱ्याचदा टाकी ठणठणीत असते आणि शोषखड्डा गेलेला असतो. टाकीतून सुटलेला गाळ खड्ड्याच्या भिंतींवर काळा, बुळबुळीत थर धरतो आणि माती पाणी पिणं बंद करते. अशा खड्ड्याला नवी टाकी जोडणं म्हणजे पैसे मातीत.

नवा खड्डा घेण्याआधी माती तपासा. शोषायच्या खोलीपर्यंत साधारण ३० सेंमी रुंद भोक पाडून रात्रभर पाणी मुरू द्या. सकाळी १५ सेंमी पाणी ठेवून घड्याळ लावा. पाणी २.५ सेंमी उतरायला ३० मिनिटांपर्यंत लागली तर शोषखड्डा चालेल. तासापर्यंत लागला तर लांब चर बरे. त्याहून जास्त लागला तर शोषणावर भिस्त ठेवू नका. विहीर जवळ असेल तर जागाच बदला.

पाच माणसांच्या घराला, न्हाणीचं पाणीही टाकीतच सोडणार असाल तर, २००० लिटर धरा. दोन कप्पे करा. पहिला दोन तृतीयांश. गवंड्याच्या हातून हमखास चुकतं ते इथे: इनलेट-आउटलेट एकाच पातळीत बसतात. आउटलेट ५ सेंमी खाली हवा, नाहीतर पाणी पाइपात मागे उभं राहतं. दोन्हीकडे टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड) लावा, खालचं तोंड पाण्यात ३० सेंमी बुडालेलं. टी नसेल तर वरची साय थेट खड्ड्यात जाते आणि वर सांगितलेला काळा थर लवकर धरतो.

प्लास्टर सुकलं की टाकी पाण्याने भरा, पेन्सिलीने खूण करा, २४ तासांनी बघा. तयार प्लास्टिकची टाकी असेल तर बाजूने माती भरताना आत पाणीही चढवत न्या. भूजल वर असलेल्या जागी रिकामी टाकी तरंगून वर येते आणि पाइप मोडून घेते.