आईचा तक्ता आणि अडकलेली रांग

आईच्या औषधांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापायचा होता. लिनक्स चालणाऱ्या संगणकावरून प्रिंट दिली, तर प्रिंटर गप्प. कागद, शाई, वाय-फाय सगळं ठीक होतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं, म्हणजे त्याच संगणकाचं, ६३१ पोर्ट उघडलं. कप्स ही छपाईची सेवा तिथे आपली रांग दाखवते. सात कामं अडकलेली! आई बिचारी सकाळपासून पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. सेवा रीस्टार्ट केली, तरी काही हललं नाही. मग राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळाला होता आणि रांग जुन्याच पत्त्यावर कामं पाठवत होती. जुनी कामं रद्द केली, रांगेत नवा पत्ता घातला आणि राउटरमध्ये तोच प्रिंटरसाठी राखून ठेवला. तक्ता आता फ्रिजवर आहे, रात्रीची गोळी लाल अक्षरांत.