पोट साफ होणे आणि पोट दुखायचे थांबणे: माझा अनुभव

पोट साफ न होणे आणि पोटात मुरडा येणे हे दोन्ही त्रास एकाच माणसाला असतील, तर एकावरचे औषध दुसरा त्रास वाढवू शकते. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हा आतड्याच्या कामकाजाचा विकार, ज्याला डॉक्टर थोडक्यात आयबीएस म्हणतात, त्याच्या बद्धकोष्ठतेच्या प्रकारात माझी काही वर्षे याच कात्रीत गेली. मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझी शाळा सकाळची असते. या दोन गोष्टींचा पोटाशी किती निकटचा संबंध आहे, ते पुढे येईलच.

घरोघरी होते तसे आमच्याकडेही उपाय आधी स्वयंपाकघरातून आणि मग औषधाच्या दुकानातून आले. सासूबाईंनी एरंडेल दिले, काळ्या मनुका भिजवून दिल्या, आणि त्यांच्या माहेरी वर्षानुवर्षे चालत आलेले चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर सुरू केले. पोट साफ करणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला चेतवून आकुंचन पावायला लावते, त्यामुळे सकाळी शौचाला होई खरे, पण त्याआधी ओटीपोटात डाव्या बाजूला अशी कळ येई की फळ्यासमोर उभे राहणे कठीण होई. मग जवळच्या दवाखान्यातून मुरडा थांबवणारी गोळी मिळे. तिच्यात डायसायक्लोमीन हे औषध असे. ते आतड्याचे आकुंचन सैल करते आणि त्याच गुणामुळे बद्धकोष्ठता वाढवूही शकते. कळ थांबे, पुढचे काही दिवस शौचाला होत नसे, आणि पुन्हा चूर्णाची बाटली निघे. चूर्ण देणाऱ्या सासूबाई आणि गोळी देणारे डॉक्टर, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. ती दोन औषधे शेजारी ठेवून कोणी पाहिली नव्हती, इतकेच.

ती शेजारी ठेवून पाहिली ती पोटविकारतज्ज्ञांनी. त्यांनी तपासण्यापूर्वी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले: दुखणे झोपेतून जागे करते का, वजन आपोआप घटले आहे का, शौचातून रक्त जाते का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आले असते, किंवा त्रास पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला असता, तर तपासाची दिशा वेगळी राहिली असती. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, कॅल्शियम आणि सिलिॲक आजारासाठीची (गव्हातील ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा विकार) रक्तचाचणी एवढ्यावर भागले. नातेवाइकांपैकी अनेकांचा ‘दुर्बीण घालून एकदा बघूनच घ्या’ असा आग्रह होता, पण डॉक्टरांना तशी गरज वाटली नाही. आयबीएसचे निदान प्रामुख्याने लक्षणांवरून होते. त्यासाठीचे ‘रोम’ निकष 2016 मध्ये सुधारले गेले. त्यांनुसार गेल्या 3 महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखलेले असावे लागते, त्रासाची सुरुवात किमान 6 महिन्यांपूर्वीची असावी लागते, आणि ते दुखणे शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी जोडलेले असावे लागते. शौच, वारंवारता आणि मळाचे स्वरूप या तीनपैकी दोन गोष्टींशी तरी दुखणे जुळायला हवे.

सर्व अहवाल नॉर्मल आल्यावर घरात ‘म्हणजे काहीच नाही’ असा अर्थ निघाला, आणि तो मला दुखण्याहून अधिक जाचला. डॉक्टरांनी तो माझ्या यजमानांसमोरच खोडून काढला. आतड्याला जखम किंवा गाठ नसली, तरी आतडे आणि मेंदू यांच्यामधली निरोपांची देवाणघेवाण बिघडलेली असते. जेवढा वायू दुसऱ्याला जाणवतही नाही, तेवढ्याच वायूने अशा रुग्णाच्या आतड्यात वेदना होते. यजमानांनी त्या दिवसानंतर ‘मनावर घेऊ नकोस’ असे म्हणणे सोडले.

त्याच भेटीत डॉक्टरांनी मळाच्या सात प्रकारांचा चित्रतक्ता दाखवला. ब्रिस्टॉल तक्ता या नावाने तो ओळखला जातो. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे म्हणजे पहिला प्रकार, पूर्ण पातळ म्हणजे सातवा; पहिले दोन बद्धकोष्ठतेचे, तिसरा-चौथा अपेक्षित. शिक्षकाला तक्ता भरायला सांगणे म्हणजे काही शिक्षा नव्हे, त्यामुळे प्रकार, कळ आणि त्या दिवशीचे जेवण यांची वही मी नेटाने ठेवली. उगाच संकोच न करता सांगता येण्याजोगी एक भाषा त्या आकड्यांनी मला दिली. ‘नीट होत नाही’ या तीन शब्दांपलीकडे मी तोवर कोणत्याही डॉक्टरांशी बोललेच नव्हते.

उपचारात दोन्ही त्रासांची औषधे वेगवेगळी पण परस्परांना न खोडणारी निवडली गेली. मळ मऊ राहावा म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आली. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, सोनामुखीप्रमाणे आतड्याला ढोसत नाही. तिने शौच सुधारते, कळ मात्र तेवढ्याने जाईलच असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितल्यामुळे पहिल्या आठवड्यांत माझा धीर सुटला नाही. पूर्वी कोणीतरी दिलेले लॅक्ट्युलोजचे गोड सिरप मला का फुगवत असे, तेही तेव्हा कळले: ती एक न पचणारी साखर आहे आणि आतड्यातील जिवाणू तिचा वायू करतात. कळेसाठी मेबेव्हरीन आले, जे डायसायक्लोमीनपेक्षा बद्धकोष्ठतेच्या रुग्णाला सोयीचे मानले जाते. सोबत इसबगोल, पण सुरुवातीला लहान चमचाभरच आणि भरपूर पाण्यासोबत. हळूहळू मात्रा वाढवायची, आणि इतर गोळ्यांपासून अंतर ठेवून घ्यायचे. गव्हाचा कोंडा मात्र बंद झाला, कारण त्या तऱ्हेच्या चोथ्याने आयबीएसमध्ये अनेकांची पोटफुगी आणि कळ वाढते. अशक्तपणासाठी मी स्वतःच चालू ठेवलेली लोहाची गोळीही, हिमोग्लोबिन चांगले असल्याने, थांबवण्यात आली. लोहाने शौचाला घट्ट होते हे सर्वज्ञात असूनही त्या गोळीकडे तोवर कोणाचे लक्ष गेले नव्हते.

औषधांपेक्षा अवघड होते ते सकाळचे वेळापत्रक. उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. शौचाची हाक सर्वांत स्पष्ट येते ती याच वेळी, आणि ती वारंवार दाबली की मंदावत जाते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि ज्या दिवशी ते पहाटे येई त्या दिवशी मी पिंपे आणि टाकी भरत असे, डबे करत असे आणि तशीच शाळेला पळत असे. शाळेतील स्वच्छतागृहाविषयी न बोललेले बरे. तिथे जावे लागू नये म्हणून आम्ही शिक्षिका पाणीच कमी पितो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा त्याचा परिणाम दिसल्यावाचून राहत नाही. घरात स्पष्ट बोलून मी चहानंतरचा थोडा वेळ माझा करून घेतला. पाणी भरण्याचे काम यजमान आणि थोरला मुलगा करतात. फ्लॅटमध्ये कमोड असल्याने पायांखाली एक उंच पाट ठेवते, म्हणजे गुडघे वर येतात, उकिडवे बसल्यासारखी स्थिती होते आणि जोर कमी लावावा लागतो. आमच्या जुन्या घरातील देशी संडासाचा हा एक गुण मी कधी मानला नव्हता.

आहाराच्या बाबतीत मला सोलापूरकर असण्याचा लाभ झाला. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या लो-फॉडमॅप आहारात, आतड्यात आंबून वायू करणारी कर्बोदके काही आठवडे कमी करतात आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहतात. गहू, कांदा, लसूण आणि बरीच कडधान्ये या यादीत येतात. ज्वारी आणि शेंगदाणे येत नाहीत. आहारतज्ज्ञ बाईंनी पोळीऐवजी भाकरी सांगितली, तेव्हा मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पोते घरात होतेच. अडले ते शेंगाचटणीपाशी, कारण आमच्याकडे लसणाशिवाय शेंगाचटणी म्हणजे चटणीच नव्हे. यावर बाईंनी एक युक्ती दिली: लसणातील त्रास देणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही, म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात आणि ते तेल वापरावे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती चटणी चाखून ‘आजाऱ्याची’ म्हणून बाजूला सारली. हल्ली त्या स्वतःच माझ्यासाठी वेगळी कुटून ठेवतात, फक्त तिखट त्यांच्या हाताचे असते आणि ते मला बेतानेच घ्यावे लागते.

पदार्थ परत आणण्याचा टप्पा पुष्कळ जण गाळतात असे बाई म्हणाल्या, आणि मोह मलाही झाला, कारण पोट शांत असताना त्याला डिवचावेसे वाटत नाही. पण सर्व काही कायमचे वर्ज्य केले तर आहार अकारण तोकडा होतो. त्या टप्प्यात कळले की चहातले दूध आणि दोन पोळ्या मला चालतात, शिजवलेला कांदा थोडा चालतो, लसूण आणि हरभरे मात्र लगेच जाब विचारतात. हिवाळ्यात शेतावर हुरड्याला जाणे मी सोडलेले नाही. सोबतची लसणाची चटणी सोडली आहे.

उरला तो परीक्षेचा काळ. पेपर तपासणीच्या दिवसांत आहार काटेकोर असूनही कळ येते, आणि वहीत हे इतक्या सातत्याने दिसले की त्याला योगायोग म्हणता येईना. पोटाने घ्यायचा संथ श्वास आणि संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठची फेरी यांचा उपयोग होतो. कळ पूर्ण जात नाही, पण वर्ग सोडून बाहेर जावे लागण्याइतकी राहत नाही. पावडर आता रोज लागत नाही, इसबगोल लागते. शौचाला बसल्यावर अडल्यासारखे वाटणे अधूनमधून उरले आहे. ते कायम राहिले, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जोर लावताना सैल होतात की उलट आवळतात, ते पाहणारी मॅनोमेट्री ही तपासणी करावी लागेल आणि स्नायू आवळत असल्यास बायोफीडबॅकचे, म्हणजे स्नायूंची हालचाल यंत्रावर पाहत ते सैल सोडायला शिकण्याचे, प्रशिक्षण घेता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. उन्हाळी सुटीत त्यासाठी वेळ घेतली आहे.